लिंबाच्या पूर्वेस वीस पावले

माझ्या कपाटाच्या खालच्या खणात कापडी पुठ्ठ्याच्या सात वह्या आहेत. एम. ए. होऊन नुकताच मी बीड जिल्ह्यात मराठीचा अध्यापक म्हणून रुजू झालो होतो, त्या दिवसांतल्या या वह्या. रविवार आला की खांद्याला पिशवी लावायची, मिळेल त्या एस. टी.ने मिळेल त्या गावी उतरायचे, आणि पडकी देवळे, वीरगळ, बारवा, शिलालेख असे जे दिसेल ते टिपून घ्यायचे, असा माझा तेव्हा परिपाठ होता. घरची मंडळी या उद्योगाला ‘दगड मोजणे’ म्हणत. मी मात्र आपण काही तरी मोठे कार्य करीत आहोत अशा समजुतीत होतो.

त्यांतल्या तिसऱ्या वहीत केज तालुक्यातील एका गावची एक नोंद आहे. ती अशी : ‘गावाबाहेर मोठ्या विहिरीजवळ लिंबाच्या पूर्वेस अंदाजे वीस पावलांवर शिलालेख. चार ओळी. वर चंद्र-सूर्य. अक्षर यादवकालीन वाटते. तिसरी ओळ झिजली आहे. ठसा पुढच्या खेपेस घ्यावा.’ लिंब म्हणजे आमच्या मराठवाड्यातला कडुनिंब, हे पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. नाही तर ते सरबताच्या लिंबाचे झाड शोधीत बसतील.

ती पुढची खेप यायला वीस वर्षे लागली. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाच्या निमित्ताने मी त्या गावी पुन्हा गेलो. विहीर नव्हती, लिंबही नव्हता. ज्या पाणंदीने मी चालत गेलो होतो तिथे रुंद काळा रस्ता झाला होता. पारावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “सर, तो लिंब तर कव्हाच तोडला. हीर बी बुजवली. दगूड कुठं गेला, काय म्हाईत! रस्त्यात भरला असंल नाही तर कुणी नेला असंल जात्याला.” त्यांच्या आवाजात खंत नव्हती की बेफिकिरीही नव्हती. लिंब तोडला, विहीर बुजवली, रस्ता झाला आणि आजारी माणूस वेळेवर दवाखान्यात जाऊ लागला, असा त्यांचा सरळ हिशेब होता. चूक कोणाची असेल तर ती माझी होती. जो लेख वाचायला सातशे वर्षांनी एक मास्तर आला, त्या मास्तराने त्याचा पत्ता काय लिहून ठेवावा? तर एक झाड आणि वीस पावले! तीही कोणाची पावले? पंचविशीतल्या माझी. आज तीच वीस पावले टाकली तर दोन हात तरी कमीच भरतील.

ही चुटपूट मनात असतानाच आमच्या जिल्ह्यातील एका महाविद्यालयात तीन दिवसांचे एक शिबिर भरणार असल्याचे कळले. विषय होता : वारसा-नोंदणीसाठी संगणकावर नकाशे कसे करावेत. मी नाव दिले. घरी सांगितले तेव्हा सौ. म्हणाल्या, “बरे झाले. अहो, आता तरी किल्ल्या कुठे ठेवता त्याचाही एक नकाशा करून या.”

कंकालेश्वर ध्रुवाकडे निघाला

शिबिरात आम्ही वीस-बावीस जण होतो. एका वस्तुसंग्रहालयाचे जतनिक, दोन ग्रंथपाल, एका देवस्थानचे विश्वस्त, इतिहासाचे तीन अध्यापक, किल्ल्यांवर भटकणारी चार-पाच तरुण मुले, आणि एक सेवानिवृत्त तलाठी. या तलाठीमहाशयांना सगळे ‘भाऊसाहेब’ म्हणत. शिकविणाऱ्या बाई पुण्याहून आल्या होत्या. पुरातत्त्व शिकलेल्या, वयाने माझ्या विद्यार्थिनीएवढ्या. वर्गात मागच्या बाकावर बसण्याचा योग मला पंचवीस वर्षांनी आला, आणि मागच्या बाकावरून फळा किती अस्पष्ट दिसतो हे ध्यानात येऊन माझ्या विद्यार्थ्यांविषयी थोडी सहानुभूतीही वाटली.

पहिला धडा अक्षांश-रेखांशांचा. भूगोलाच्या पुस्तकात आपण सर्वांनी हे वाचलेले असते आणि परीक्षा झाल्यावर विसरलेले असते. बीड शहर साधारण १८.९९ उत्तर अक्षांश आणि ७५.७६ पूर्व रेखांश यांवर आहे. यातली मौज दशांशचिन्हापुढच्या आकड्यांत आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्यामुळे दशांशचिन्हापुढे दोनच आकडे लिहिले तर आपण एक किलोमीटरच्या अंतराने बोलत असतो. म्हणजे गाव सांगितले, घर सांगितले नाही. चार आकडे लिहिले की अंतर अकरा मीटरवर येते, म्हणजे वाडा सापडतो. पाच लिहिले की एका मीटरवर, म्हणजे वाड्याचा उंबरठा सापडतो. आपल्या खिशातला मोबाइल मोकळ्या आकाशाखाली पाचएक मीटरच्या आत आपली जागा सांगू शकतो. त्यासाठी त्याला आकाशातल्या निदान चार उपग्रहांची साक्ष लागते. चार साक्षीदार! आमच्याकडे खरेदीखताला दोन पुरतात.

बाईंनी प्रत्येकाला एक स्थळ दिले आणि त्याचे आकडे तक्त्यात भरून नकाशावर आणायला सांगितले. माझ्या वाट्याला बीडचे कंकालेश्वर आले. तळ्याच्या मधोमध पाण्यात उभे असलेले हे प्राचीन शिवमंदिर बीडकरांच्या जिव्हाळ्याचे. मी आकडे भरले, कळ दाबली, आणि नकाशाकडे पाहतो तो बीड जिल्हा रिकामा! शोधता शोधता कंकालेश्वर सापडले, पण ते नॉर्वेच्याही उत्तरेस, ध्रुवाच्या वाटेवर, बर्फाळ समुद्रात. पाण्यात उभे राहण्याची त्याची परंपरा तेवढी राखली गेली होती! अक्षांशाच्या रकान्यात मी रेखांश आणि रेखांशाच्या रकान्यात अक्षांश लिहिला होता. वर्ग हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “सर, ही चूक एवढी मोठी आहे म्हणून दिसली. शंभर मीटरची चूक दिसत नाही, आणि तीच कागदोपत्री कायम राहते.”

टिंब, रेघ आणि आकार

संगणकाच्या नकाशाला जगातल्या सगळ्या वस्तू तीनच रूपांत कळतात : टिंब, रेघ आणि बंदिस्त आकार. हे समजावून देण्यासाठी बाईंनी उदाहरण निवडले ते बीडजवळच्या खजाना बावडीचे. निजामशाहीच्या काळात बांधलेली ही गोल, प्रशस्त विहीर दुष्काळातही आटत नाही अशी तिची ख्याती आहे. जमिनीखालून काढलेल्या कालव्याने तिचे पाणी मोटेवाचून, पंपावाचून, केवळ उताराच्या बळावर शेतांकडे वाहत जाते. आता नकाशावर काढा : विहीर हे टिंब, भुयारी कालवा ही रेघ, आणि त्या पाण्यावर भिजणारी शेते हा आकार. आम्ही आजवर खजाना बावडी पाहायला जात होतो ते काठावरून वाकून पाणी पाहायला. पण तो वारसा म्हणजे नुसती विहीर नव्हे. ती रेघ तुटली, एखाद्या बांधकामाच्या पायाने भुयार फुटले, तर टिंब शाबूत राहूनही बावडी मेली. हे मला ती तीन रूपे काढून पाहीपर्यंत कधी सुचले नव्हते.

या टिंबारेघांचे थर करता येतात. पातळ पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे हे थर : एकावर नद्या, दुसऱ्यावर रस्ते, तिसऱ्यावर मंदिरे, चौथ्यावर मशिदी आणि दर्गे, पाचव्यावर बारवा. हवा तो ठेवावा, नको तो क्षणभर झाकावा. मला या थरांत पोथ्यांच्या संपादनाची आठवण झाली. एका ग्रंथाच्या पाच प्रती समोर ठेवून पाठभेद नोंदवायचे आणि खालची संहिता शोधायची, हाच तो व्यवसाय; फक्त इथे संहिता म्हणजे जमीन.

ज्या सॉफ्टवेअरवर आम्ही शिकत होतो त्याचे नाव क्यूजीआयएस. गॅरी शर्मन नावाच्या गृहस्थाने २००२ साली अलास्कात त्याचा आरंभ केला. आज जगभरचे स्वयंसेवक ते वाढवितात, आणि कोणालाही ते फुकट मिळते. ‘फुकट’ हा शब्द ऐकून विश्वस्तमहाशयांनी प्रथमच वही उघडली. गरीब संस्थांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाने २०१५ साली मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेतील संकटग्रस्त प्राचीन स्थळांची उपग्रहचित्रांवरून नोंद करण्याचा एक प्रकल्प सुरू केला, आणि त्या त्या देशांतल्या पुरातत्त्वज्ञांना अशीच साधने वापरायला शिकविले. युद्धाने पोळलेल्या देशांत ही निकड सहज पटते. आमच्याकडे युद्ध नाही. पण रस्ते, धरणे, प्लॉट आणि उदासीनता यांचा जोर काही कमी नाही.

पोथीतला नकाशा

पहिल्या दिवशी दुपारी ‘ही सगळी विद्या पाश्चात्त्यांची’ असा एक सूर वर्गात निघाला. मला राहवले नाही. मी उठून उभा राहिलो आणि महानुभावांच्या स्थानपोथीची हकीकत सांगितली.

चक्रधरस्वामी तेराव्या शतकात गोदावरीच्या खोऱ्यात गावोगाव फिरले. म्हाइंभटाने त्यांच्या लीळा लिहिल्या, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्यांच्यामागून अनुयायांनी आणखी एक काम केले. स्वामी कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या बाजूच्या ओसरीवर बसले, देऊळ कोणाकडे तोंड करून आहे, दुसरे देऊळ त्याच्या कोणत्या दिशेला आहे, हे सारे त्यांनी बारकाईने टिपून ठेवले. तीच स्थानपोथी. डॉ. वि. भि. कोलते यांनी ती संपादित केल्यामुळे आपल्याला सहज वाचता येते. एवढे करूनही अनुयायी थांबले नाहीत. त्या त्या जागी त्यांनी ओटे बांधले. आमच्या गेवराई तालुक्यात गोदाकाठी पांचाळेश्वर आहे; महानुभाव त्याला आत्मतीर्थ म्हणतात आणि दूरदूरहून दर्शनाला येतात. ओटा म्हणजे जमिनीवर ठेवलेले दगडी टिंबच नव्हे काय? पोथी म्हणजे तक्ता, आणि ओटा म्हणजे टिंब. सातशे वर्षांपूर्वी ज्यांच्याजवळ ना उपग्रह ना होकायंत्र, त्यांनी जागा हरवू नये म्हणून लेखी आणि दगडी अशी दुहेरी तजवीज केली होती. आणि मी, छापील वही आणि बॉलपेन हाती असताना, लिंबावर विसंबलो!

बाईंनी लक्ष देऊन ऐकले आणि म्हणाल्या, “सर, मग पोथीतल्या दिशा आणि अंतरे तक्त्यात भरू या की!” आम्हां मास्तर मंडळींना अभिमान वाटला की आम्ही तिथेच थांबतो. या मुलीने अभिमानाचे लगेच काम केले.

जमीन मोजण्याच्या अर्वाचीन खटाटोपाचाही एक धागा आपल्या मातीत आहे. विल्यम लॅम्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासेजवळ साखळीने पहिली रेघ मोजून हिंदुस्थानच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला. अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र देवळांच्या शिखरांवर आणि टेकड्यांवर चढवीत, त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत तो दक्षिणेकडून वर सरकत आला, निजामाच्या मुलखातून पुढे निघाला, आणि १८२३ साली विदर्भात हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयापर्यंत नेले आणि जगातल्या सर्वोच्च शिखराला त्याचे नाव मिळाले. 

एक गाव, चार नावे

दुसऱ्या दिवशी तक्त्याचे काम. नकाशावरच्या प्रत्येक टिंबामागे एक तक्ता असतो. नाव, काळ, प्रकार, स्थिती असे त्याचे रकाने. दिसायला सोपे. पण ‘नाव’ या पहिल्याच रकान्यात आमचा अर्धा दिवस गेला.

आंबाजोगाईचेच घ्या. कोणी आंबे म्हणतात, कोणी जोगाईचे आंबे, कोणी नुसते अंबा. निजामी अमदानीतल्या कागदांत हेच गाव मोमिनाबाद. तिथल्या डोंगरात कोरलेले लेणे एकच. पण त्याला कोणी शिवलेणी म्हणतो, कोणी जोगाईचा मांडव, आणि दगडी हत्तींमुळे कोणी हत्तीखाना. धारूरला मोगलांनी फतेहाबाद म्हटले. बीड इंग्रजी नकाशांत ‘भीर’ आहे. तक्त्यात एकच नाव लिहिले तर दुसऱ्या नावाने शोधणाऱ्याला ते स्थळ सापडणारच नाही. शेवटी ठरले की मुख्य नाव एक, आणि ‘अन्य नावे’ असा स्वतंत्र रकाना. आणि त्यांत कोणत्याही काळाच्या, कोणत्याही समाजाच्या नावाला मज्जाव नाही. यावर थोडी गरमागरमी झाली. तेव्हा भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, “सातबाऱ्यावर जुन्या मालकाचं नाव कंस करून ठेवतात, खोडून टाकत नाहीत. फेरफार कळला पाहिजे.” वाद तिथे मिटला.

भाषेच्या अध्यापकाला एक धक्का निराळाच बसला. मी ‘शिलालेख’ असा रकाना केला, फाइल जपून ठेवली आणि पुन्हा उघडली तो रकान्याचे नाव ‘शिल’ एवढेच! फाइलीच्या त्या जुन्या प्रकारात रकान्याच्या नावाला दहाच खाणी मिळतात. इंग्रजी अक्षर एका खाणीत मावते, आपल्या प्रत्येक वर्णाला आणि वेलांटी-काना यांनाही तीन-तीन लागतात. लेख गेला, शिल राहिले. माझ्या त्या दगडाच्या बाबतीत तर तेवढेही राहिले नव्हते. हल्लीच्या नव्या प्रकारच्या फाइलीत ही अडचण नाही, हे बाईंनी लगोलग दाखविले; पण देवनागरीत नोंद ठेवणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, एवढा धडा त्यातून मिळाला.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो शेवटचा रकाना. त्याचे नाव ‘खात्री’. जागा स्वतः उभे राहून मोजली असेल तर ‘पक्की’, जुन्या कागदावरून काढली असेल तर ‘अंदाजे’, कोणी सांगितली असेल तर ‘ऐकीव’. मी मुकुंदराजांचे उदाहरण घेतले. विवेकसिंधूचा हा कर्ता कोठला? आंबाजोगाईकर बालाघाटाच्या कुशीतली त्यांची समाधी दाखवितात. विदर्भातले अभ्यासक वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याकडे बोट दाखवितात. दोन जागांत सुमारे चारशे किलोमीटरचे अंतर, आणि त्या वादावर मराठीत केवढे तरी लेखन झालेले. नकाशा हा वाद सोडवीत नाही. पण दोन्ही टिंबे मांडून दोहोंपुढे ‘मतभेद आहे’ असे लिहिण्याचा प्रामाणिकपणा तो आपल्याला शिकवितो. मी वर्गात इतकी वर्षे एकाच बाजूने बोलत आलो होतो. कोणत्या, ते आंबाजोगाईच्या वाचकांनी ओळखलेच असेल.

शंभर मीटरांची गोष्ट

हे सारे कशासाठी, असा प्रश्न एखाद्या व्यवहारी वाचकाच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर कायद्यात आहे. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत ते परवानगीनेच करता येते. मूळ कायदा १९५८ चा. ही मर्यादा २०१० च्या दुरुस्तीने त्यात पक्की झाली. आता शंभर मीटर मोजायचे कोठून? हद्द कोठे संपते हेच जर कागदावर ‘ओढ्याच्या अलीकडे’ असे लिहिलेले असेल, तर घर बांधणारा सामान्य माणूसही अडतो आणि स्मारकही वाचत नाही. संगणकावर हद्दीचा आकार काढला, एक कळ दाबली, की भोवती बरोबर शंभर मीटरांचे कडे उमटते. कोणाचे घर आत, कोणाचे बाहेर, ते सर्वांना दिसते. ज्याचे घर आत येते त्याला ते कडे गोड वाटणार नाही, हे खरे. पण निदान त्याला जोता घालण्याआधी कळते. भिंती उभ्या राहिल्यावर नोटीस येत नाही.

आणि जागाच ठाऊक नसेल तर? देशात केंद्र-संरक्षित स्मारके साडेतीन हजारांहून अधिक. महालेखापरीक्षकांनी काही स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी ९२ जागेवर मिळाली नाहीत. त्यांचा हा अहवाल २०१३ चा. पुढे शोधाशोध होऊन ४२ सापडली. उरलेल्या ५० पैकी १४ शहरांच्या वाढीत गेली, १२ धरणांच्या पाण्याखाली गेली, आणि २४ चा ठावठिकाणाच लागत नाही, असे २०२२ साली संसदीय समितीपुढे सांगण्यात आले. बुडाली ती निदान कोठे बुडाली हे ठाऊक आहे. पण ठावठिकाणा नाही म्हणजे काय? कोणी तरी एके काळी कागदावर नाव लिहिले, आणि ‘लिंबाच्या पूर्वेस वीस पावले’ असेच काही तरी पुढे लिहिले. हा आकडा पडद्यावर आला तेव्हा मी मान खाली घातली.

उजळ बाजूही आहे. रोहन काळे यांनी सुरू केलेल्या बारव मोहिमेत महाराष्ट्रभरच्या लोकांनी आपापल्या भागातल्या शेकडो बारवांची स्थाने एका नकाशावर आणली. पुष्कळ ठिकाणी गाळ काढला, दिवे लावले. आधी टिंब उमटले, मग लोक आले. आंबाजोगाईत सकलेश्वर मंदिराच्या परिसरात राज्याच्या पुरातत्त्व खात्याने केलेल्या खोदकामात जुन्या मंदिरांचे पाये मिळाले. जमिनीखाली काय आहे याची जाण असली म्हणजे कुदळ कोठे घालावी आणि कोठे घालू नये, हे दोन्ही कळते.

दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस किल्ल्यांवर भटकणाऱ्या मुलांपैकी एकाने एक अवघड प्रश्न विचारला. “मॅडम, एवढं नेमकं ठिकाण जगजाहीर केलं तर गुप्तधनवाले नाही का येणार?” सगळे गप्प झाले. आमच्या भागात गुप्तधनाच्या लोभाने रातोरात देवळांच्या पाया खणणारे, मूर्तींखाली पहारी घालणारे लोक आहेत. ते वर्तमानपत्रांत आपण वाचतोच. बाईंनी उत्तर दिले ते असे : पूर्ण नोंद संस्थेजवळ आणि सरकारजवळ राहील, जनतेसाठीच्या नकाशावर असुरक्षित स्थळांचे टिंब मुद्दाम गावाच्या मध्यावर ठेवावे, आणि तसे ठेवले आहे हे लिहावे. सांगणे आणि लपविणे यांची रेघ कोठे ओढायची, हे मात्र संगणक सांगणार नाही, ते तुम्हीच ठरवायचे. तासभर चर्चा करूनही आमचे त्यावर पूर्ण एकमत झाले नाही. विश्वस्त म्हणत होते, काहीच दाखवू नका. मुले म्हणत होती, लोकांना ठाऊक असेल तरच लोक राखण करतील. दोघांचेही बरोबर होते, म्हणूनच ते अवघड होते.

भाऊसाहेबांचा नकाशा

तिसऱ्या दिवशी जुने कागदी नकाशे संगणकावर बसवायला शिकविले. नकाशाचे छायाचित्र घ्यायचे. मग त्यावरच्या आणि आजच्या जमिनीवरच्याही न हललेल्या चार-पाच खुणा एकमेकींशी जोडायच्या. देवळाचे शिखर चालते, गढीचा बुरूज चालतो, शिवेचा दगड चालतो. ओढ्याचे वळण नको, कारण ओढा आपली जागा बदलतो. खुणा जुळल्या की जुना कागद ताणून, वळवून बरोबर आजच्या जमिनीवर पसरतो.

प्रत्येकाने आपापला नकाशा आणायचा होता. मी भीत भीत भाऊसाहेबांना केजकडच्या त्या गावाचे नाव सांगितले. ते म्हणाले, “तो सज्जा माझ्याकडंच होता, सर.” संध्याकाळी जाऊन त्यांनी घरातून गावनकाशाची जुनी प्रत आणली. घडीवर फाटलेली, पण गट, बांध, पाणंदी, ओढे, आणि प्रत्येक विहिरीची खूण त्यात स्वच्छ होती. मारुतीचे देऊळ, गढीचा कोपरा आणि दोन शिवा जुळवून आम्ही तो पसरला. काळ्या रस्त्याच्या कडेला, थोडी आत, विहिरीची लहानशी वर्तुळाकार खूण उमटली. वीस वर्षांपूर्वी मी तिथेच बसून डबा खाल्ला होता.

पुढच्या रविवारी भाऊसाहेब आणि मी त्या गावी गेलो. मोबाइलवर ते टिंब पाहत पाहत चालत राहिलो आणि रस्त्याच्या कडेला एका जागी थांबलो. पारावरचे वृद्ध गृहस्थ काठी टेकीत आमच्यामागे आले होते. ते म्हणाले, “हां, हितंच हीर व्हती. अन् लिंब ह्या अंगाला.” त्यांनी काठीने जमिनीवर रेघ ओढली. मी पूर्वेकडे तोंड करून वीस पावले टाकली. डांबराची कड आली.

दगड मिळाला नाही. रस्त्याच्या भरावात असेल, कोण्या दारची पायरी झाला असेल. वृद्ध गृहस्थांनी दोन-चार घरी विचारून पाहिले, पण कोणाला आठवत नव्हते. वहीत उतरून घेतलेल्या चार ओळी तेवढ्या माझ्याजवळ आहेत. त्यांतही तिसरी अपुरी. ठसा घेतला असता तर ती एखाद्या जाणत्याने लावली असती. कोणा राजाचे दान, कोणा गावाची सीमा, कदाचित मराठीतले एखादे जुने क्रियापद, काय असेल ते आता सांगता येणार नाही.

त्या रात्री मी नोंद भरली. नाव : शिलालेख. अन्य नावे : नाहीत. काळ : यादवकालीन वाटतो. जागा : त्या टिंबाभोवती तीस मीटरांचे कडे. खात्री : अंदाजे, जुनी वही, गावनकाशा व प्रत्यक्ष साक्षीदार यांवरून. स्थिती : गहाळ. उद्या त्या रस्त्याचे पुन्हा काम निघाले आणि एखाद्या अभियंत्याने हा थर उघडून पाहिला, तर निदान त्या तीस मीटरांत यंत्र जरा सावकाश चालवा, एवढे तरी त्याला कळेल.

सात वह्यांतल्या बाकीच्या नोंदींचे काम मी सुट्ट्यांमधून करीत आहे. भाऊसाहेब सोबतीला असतात. तिसऱ्या वहीत ‘चिंचेजवळ’, पाचवीत ‘पाटलाच्या गोठ्यामागे’, सहावीत तर ‘जिथे बैल पाणी पितात तिथे’ असे पत्ते आहेत. त्यांतले काही सापडले, काही सापडतील. बैल मात्र आता ट्रॅक्टरने हटविले आहेत.

वाचकहो, दिवाळीत आपल्यापैकी पुष्कळ जण गावी जातील. फराळ झाल्यावर मुलांना घेऊन गावाबाहेर एक फेरी मारा. शेंदूर फासलेला वीरगळ, गाळाने भरलेली बारव, उकिरड्याशेजारी पडलेला अक्षरांचा दगड, एखादी विस्मृत कबर दिसली तर मोबाइलवर तिचे अक्षांश-रेखांश पाहा आणि पाचही आकड्यांनिशी लिहून घ्या. तिथल्या म्हाताऱ्या माणसाला तिचे नाव विचारा, तो सांगेल तेही लिहा, आणि पुढे ‘ऐकीव’ असे लिहायला विसरू नका. ठसा, छायाचित्र, जे काही घ्यायचे असेल ते त्याच खेपेस घ्या.

आमच्या घरच्या किल्ल्यांचा नकाशा अजून झालेला नाही. सौ. त्यांची जागा तोंडी सांगतात, आणि ती नेहमी ‘पक्की’ निघते.